वाट कोणाची, खर्च कोणाचा

इंग्लंडमधल्या पायवाटांचा इतिहास सांगायला बसलेला माणूस हमखास 24 एप्रिल 1932 या तारखेपाशी येतो. त्या रविवारी मँचेस्टर आणि भोवतालच्या गिरणगावांतले चारेकशे तरुण हेफील्ड गावातून निघून किंडर स्काउटच्या पठारावर घुसले. पठार ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या मालकीचे होते आणि ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेले होते. वर्षातले मोजके दिवस तिथे बंदुका वाजत आणि उरलेले दिवस राखणदार काठ्या घेऊन फिरत. झटापट झाली, एक राखणदार जखमी झाला. दुसऱ्याच्या जमिनीत पाऊल टाकणे हा त्या काळी फौजदारी गुन्हा नव्हता, म्हणून दंगल आणि मारहाणीचे आरोप लावून पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा बेकार मेकॅनिक होता. या घटनेवर पुढे गाणी झाली, स्मृतिफलक लागले. 2002 साली तेव्हाच्या ड्यूकने आजोबांच्या वर्तनाबद्दल जाहीर माफीही मागितली. इतकी भरजरी कथा हाताशी असताना कायद्याच्या पुस्तकाकडे कोण वळेल? तरीही मला किंडरच्या चढाईपेक्षा 1949 सालच्या एका कायद्याचे 47 वे कलम अधिक मोलाचे वाटते. सार्वजनिक पायवाटेची देखभाल सार्वजनिक खर्चाने व्हायला हवी, एवढेच त्याचे म्हणणे. त्यात शौर्य नाही, पण आज इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 2,25,000 किलोमीटर लांबीच्या वाटा नकाशावर आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच पायांखालीही आहेत, याचे श्रेय या कोरड्या वाक्याला द्यावे लागते.

चालण्याचा हक्क आणि चालण्याजोगी वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हक्क भांडून, कोर्टात जाऊन, प्रसंगी तुरुंगात बसून एकदा मिळवता येतो. वाट मात्र दर पावसाळ्यात वाहून जाते, दर उन्हाळ्यात काटेरी झुडपांत बुडते. ओढ्यावरचा साकव कुजतो, कुंपणावरून पलीकडे उतरायच्या पायऱ्या मोडतात, एखादा शेतकरी नांगर सरळ वाटेवरून नेतो. हे सगळे पुन्हा पुन्हा कोणीतरी निस्तरावे लागते आणि त्या कोणीतरीला पगार द्यावा लागतो. ब्रिटनमध्ये वाटांची जी दोनशे वर्षांची खटपट झाली, तिच्यात हक्काची बाजू लोकांना दिसली. खर्चाची बाजू कोणाच्या गळ्यात घालायची, हा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीवर ढकलला. ज्या ज्या वेळी सरकारने त्याचे उत्तर दिले त्या त्या वेळी वाटा वाढल्या, आणि ज्या ज्या वेळी टाळले त्या त्या वेळी जिंकलेले हक्कही कागदावर राहिले.

सुरुवात 1815 पासून करावी लागते. त्या वर्षीच्या एका कायद्याने दोन दंडाधिकाऱ्यांना ‘अनावश्यक’ वाटणारी पायवाट बंद करण्याची मुभा दिली. दंडाधिकारी बहुतेक वेळा जमीनदारच असत, त्यामुळे कोणती वाट अनावश्यक हे ठरवताना त्यांना फार विचार करावा लागत नसे. समाईक जमिनींना कुंपणे पडण्याचा हा काळ होता. आपल्याकडच्या पाणंदींसारख्या, शेताशेतांमधून गाव, चर्च आणि बाजार जोडणाऱ्या वाटा एकेक करून गायब होत होत्या. मँचेस्टरजवळच्या फ्लिक्सटन गावी अशीच एक वाट बंद झाली, तेव्हा शहरातल्या वकील, पत्रकार आणि व्यापाऱ्यांनी 1826 मध्ये प्राचीन पायवाटा राखण्यासाठी मंडळ काढले, वर्गणी जमवली आणि खटले लढवले. एकोणिसाव्या शतकभर हाच नमुना चालला. 1896 च्या सप्टेंबरात बोल्टनजवळच्या विंटर हिलवर कर्नल एन्सवर्थने फाटक लावले, तेव्हा हजारो गिरणी कामगार लागोपाठच्या रविवारी ते फाटक ओलांडून गेले. संख्येच्या हिशेबात किंडर त्यापुढे किरकोळच. पण पुढे कर्नल कोर्टात गेला आणि जिंकला, आणि पुढाऱ्यांच्या डोक्यावर दाव्याचा खर्च बसला. लोकवर्गणीवर चालणाऱ्या हक्काची मर्यादा इथे उघडी पडते. जमीनदाराच्या वकिलाची फी जमिनीच्या उत्पन्नातून निघते, कामगाराची आठवड्याच्या मजुरीतून.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म होती. 1835 च्या महामार्ग कायद्याने असे ठरवले होते की नव्याने रूढ झालेला रस्ता विशिष्ट प्रक्रिया पूर्ण झाल्याखेरीज दुरुस्त करण्याची जबाबदारी गावावर येत नाही. उद्देश वाईट नव्हता. जमीनमालकांनी स्वतःच्या सोयीसाठी रस्ते काढून त्यांच्या डागडुजीचा भार गावावर टाकू नये, एवढाच हेतू. पण परिणाम असा झाला की वहिवाटीने सिद्ध झालेली वाटसुद्धा अनाथ राहिली. तिच्यावरून जाण्याचा अधिकार सर्वांना, दुरुस्त करण्याचे कर्तव्य कोणालाच नाही. अशा वाटेला बंद करावे लागत नाही, ती आपोआप मरते. एक अपवाद मात्र गमतीचा आहे. नैर्ऋत्य इंग्लंडच्या किनाऱ्यावर, कड्याच्या अगदी काठाने, प्रत्येक खाडीत डोकावणारी अखंड वाट एकोणिसाव्या शतकात तयार झाली, कारण तटरक्षकांना चोरट्या मालाच्या होड्या हेरत रोज गस्त घालावी लागे. जकात बुडू नये म्हणून सरकारने ती वाट तुडवत ठेवली. गस्त थांबली तशी झुडपांनी ती गिळायला सुरुवात केली, आणि 1970 च्या दशकात पर्यटकांसाठी पुन्हा सरकारी पैशाने मोकळी करावी लागली. 630 मैलांची साउथ वेस्ट कोस्ट पाथ म्हणून ती आज प्रसिद्ध आहे. निसर्गप्रेमी तिला अस्सल रानवाट मानतात, पण तिचा उगम महसूल खात्यात आहे.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेर गिरणी कामगारांच्या हाती दोन गोष्टी होत्या, शनिवारची अर्धी सुट्टी आणि स्वस्त रेल्वे तिकीट. त्यानंतर मंदी आली आणि सुट्टी सक्तीची झाली. लँकशरच्या या मंदीत मुंबईचाही हात होता, हे मराठी वाचकाला विसरता येणार नाही. लालबाग-परळच्या गिरण्या वाढल्या, परदेशी कापडावर बहिष्कार पडला, आणि पेनाइन डोंगरांच्या पायथ्याशी असलेले माग थांबले. सप्टेंबर 1931 मध्ये गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी मुद्दाम लँकशरमध्ये डार्वेनला जाऊन राहिले आणि बेकार विणकरांना भेटले. त्या गावावरचा डोंगर तिथल्या लोकांनी 1896 मध्येच भांडून मोकळा करून घेतला होता. कामावर जायचे नसले तरी चढून जायला निदान तो तरी होता. बहुतेक गावांना तोही नव्हता. 1931 च्याच एप्रिलमध्ये अ‍ॅडिसन समितीने सरकारला राष्ट्रीय उद्यानांची शिफारस केली होती आणि त्यासाठी पाच वर्षे दरसाल एक लाख पौंड मागितले होते. सप्टेंबरात, गांधीजी डार्वेनला होते त्याच आठवड्यात, ब्रिटनने सुवर्णमानाला रामराम ठोकला. बेकारभत्त्यातही कपात झाली आणि समितीचा अहवाल कपाटात गेला. रॉथमनचे तरुण त्यानंतर सातच महिन्यांनी किंडरवर गेले. एक लाख पौंड तेव्हा सुटले असते तर किंडरचा प्रसंग टळला असता असे म्हणता येणार नाही, पण ‘पैसा नाही’ या उत्तराने लोकांना काठ्यांसमोर उभे केले, एवढे नक्की.

किंडरनंतर लगेच डोंगर खुले झाले, ही समजूत चुकीची आहे. त्या वेळच्या प्रस्थापित पदभ्रमण संघांना ही चढाई नापसंत होती. चळवळीतला सर्वांत कर्तबगार माणूस टॉम स्टीफन्सन आयुष्यभर म्हणत राहिला की त्या प्रसंगाने हाती फारसे काही लागले नाही. स्टीफन्सन लँकशरचाच, कापडछपाईच्या कारखान्यात राबलेला आणि पहिल्या महायुद्धात सैन्यात जायला नकार दिल्याबद्दल तुरुंग भोगलेला. 1939 मध्ये संसदेने डोंगरांवरच्या प्रवेशाचा कायदा केला खरा, पण समितीच्या फेऱ्यात जमीनमालकांच्या गटाने त्याचे दात उपटले. प्रत्येक डोंगरासाठी वेगळा अर्ज, तोही किचकट आणि खर्चिक, आणि वर अतिक्रमणाला काही ठिकाणी दंड. या कायद्याखाली एकही डोंगर खुला झाला नाही. हक्क देणारा आणि त्याची किंमत मागणाऱ्याच्या खिशातून वसूल करणारा कायदा कसा निरुपयोगी ठरतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

दुसऱ्या महायुद्धाने हिशेब बदलला. क्षयाने खंगत चाललेला वास्तुविशारद जॉन डाउअर याने 1945 मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आराखडा दिला. 1947 मध्ये हॉबहाउस समितीने तो सविस्तर मांडला आणि उद्यानांचा खर्च राष्ट्रीय तिजोरीतून व्हावा असे सांगितले. त्याआधी, एप्रिल 1946 च्या अर्थसंकल्पात, अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांनी पाच कोटी पौंडांचा राष्ट्रीय भूमी निधी जाहीर केला. युद्धातले उरलेसुरले लष्करी सामान विकून आलेला हा पैसा. युद्धात पडलेल्यांचे स्मारक म्हणून देशाच्या सुंदर जागा देशाच्याच मालकीच्या व्हाव्यात, ही कल्पना. दगडी स्तंभाऐवजी डोंगर, असे स्मारक दुसऱ्या कोणा अर्थमंत्र्याला सुचल्याचे मला माहीत नाही. डाल्टन स्वतः दणकट चालणारे होते. 1948 मध्ये स्टीफन्सनने काही खासदारांना पेनाइन डोंगररांगेवरून चालवत नेले, त्यात ते होते आणि तरुण बार्बरा कॅसलही होत्या. पण निधीचे पुढे काय झाले ते बोधक आहे. अर्थखात्याने त्यावर असा हात ठेवला की बराचसा पैसा पडून राहिला. जो वापरला गेला तो मुख्यतः वारसा कराच्या बदल्यात सरकारजमा झालेल्या उमरावांच्या वाड्यांसाठी. 1957 मध्ये त्यातला बहुतेक पैसा परत घेण्यात आला आणि एक कोटी उरले. डोंगर विकत घ्यायला ठेवलेला पैसा सरकारी हिशेबवहीतच विरला.

1949 चा राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण प्रवेश कायदा या पार्श्वभूमीवर वाचावा. मंत्री लुईस सिल्किन यांनी तो मोकळ्या हवेची लोकसनद म्हणून मांडला. त्याचे तीन पाय होते: राष्ट्रीय उद्याने, मोकळ्या डोंगरांवर प्रवेशाचे करार, आणि पायवाटांची नोंद. पहिल्या दोन पायांना पैशाच्या बाबतीत लंगडेपण होते. हॉबहाउसने मागितलेले राष्ट्रीय खर्चाचे तत्त्व सोडून सरकारने उद्याने काउंटी कौन्सिलांकडे दिली. ठरावीक कामांवर 75 टक्क्यांपर्यंत अनुदान, उरलेले स्थानिक घरपट्टीतून. कागदावर हे उदार दिसते. प्रत्यक्षात डोंगराळ, गरीब काउंटीच्या कौन्सिलने विचार केला की मँचेस्टरच्या माणसाच्या रविवारसाठी आमच्या लोकांनी चौथा हिस्सा का भरावा? कार्यालय आणि कर्मचाऱ्यांचा खर्च तर बव्हंशी त्यांच्याच माथी होता. परिणामी बहुतेक उद्याने नावापुरती झाली. फरक दिसला तो पीक डिस्ट्रिक्टमध्ये, जिथे 1951 मध्ये देशातले पहिले उद्यान झाले आणि स्वतंत्र मंडळ, स्वतःचा अधिकारी आणि स्वतःचे अंदाजपत्रक मिळाले. किंडर आणि ब्लीकलोच्या पठारांवर जमीनमालकांना मोबदला देऊन प्रवेशाचे करार पहिल्यांदा इथेच झाले आणि 1954 मध्ये इथेच पगारी रक्षक नेमले गेले. रॉथमनच्या वाटेवर काठी घेऊन उभ्या असणाऱ्या राखणदाराची जागा, वाट दाखवणाऱ्या आणि आगीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी रक्षकाने घेतली. पुढची कित्येक वर्षे देशभरातल्या अशा करारांतला मोठा वाटा एकट्या पीकचा होता. कायदा सगळीकडे तोच होता. वेगळे होते ते स्वतःचे अंदाजपत्रक आणि ते वापरणारे मंडळ.

तिसरा पाय मात्र भक्कम निघाला, आणि तो वर सांगितलेल्या 47 व्या कलमामुळे. त्याने 1835 ची चूक दुरुस्त केली. त्या वेळी अस्तित्वात असलेली प्रत्येक सार्वजनिक पायवाट आणि घोडवाट दुरुस्तीच्या हिशेबात रस्ता ठरली. जोडीला प्रत्येक काउंटीने सर्व वाटांचा अधिकृत नकाशा करायचा. एकदा नकाशावर आलेली वाट निर्विवाद. गावोगावच्या पॅरिश कौन्सिलांनी, शाळामास्तरांनी, पाद्र्यांनी आणि म्हाताऱ्या शेतमजुरांनी चालून, आठवून वाटा लिहून दिल्या. काम तीन वर्षांत उरकायचे होते, ते दशकानुदशके चालले. पण तत्त्व बसले. चालण्याची वाट ही सरकारने हौशी लोकांना दिलेली देणगी न राहता, मोटाररस्त्याच्या कुळातली झाली. देणगी अर्थसंकल्पातून निमूटपणे वगळता येते. रस्ता वगळता येत नाही, कारण वाट मोकळी नसेल तर साधा नागरिक कौन्सिलला नोटीस देऊन कोर्टात खेचू शकतो. या कायदेशीर कुळामुळेच पुढच्या सगळ्या कपातींतून वाटांचे जाळे तगून राहिले, असे माझे मत आहे.

उलट उदाहरण पेनाइन वेचे. दोन अमेरिकन मुलींनी ‘आमच्या अपालेचियन ट्रेलसारखे इंग्लंडमध्ये काही आहे का’ असे पत्राने विचारल्यावर, जून 1935 मध्ये ‘डेली हेरल्ड’मध्ये स्टीफन्सनने एका लांब हिरव्या वाटेची मागणी केली. डर्बीशरमधल्या ईडेलपासून स्कॉटलंडच्या सीमेपलीकडच्या कर्क येथोमपर्यंत, देशाच्या कण्यावरून. 1951 मध्ये मंत्र्यांनी वाट मंजूर केली. त्यातल्या सुमारे सत्तर मैलांवर वहिवाट नव्हती. ती प्रत्येक मालकाशी, प्रत्येक पाणीपुरवठा मंडळाशी बोलून मिळवायची होती, आणि बोलणारे स्थानिक कौन्सिल, ज्यांना घाई नव्हती. मंजुरीनंतर चौदा वर्षांनी, 24 एप्रिल 1965 रोजी, मॅलमच्या माळावर समारंभ झाला. किंडरला त्या दिवशी बरोबर 33 वर्षे झाली होती. 268 मैलांच्या वाटेसाठी एका पत्रकाराची तीस वर्षे गेली. पुढे या वाटेची लोकप्रिय मार्गदर्शिका काढणारा आल्फ्रेड वेनराइट, वाट पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला शेवटच्या गावच्या खानावळीत आपल्या खर्चाने बियर पाजत असे. या वाटेवर कोणी खाजगी पदरमोड केली असेल तर ती एवढीच, असे गमतीने म्हणता येईल.

इथे पहिला आणि सर्वांत जुना आक्षेप येतो. जो चालत नाही त्याने चालणाऱ्याच्या छंदाचा खर्च का द्यावा? गोल्फ खेळणारे वर्गणी भरतात, मग यांना काय झाले? नाक्यावर पथकर घ्यावा, असे सुचवणारेही होते. उत्तराचा एक भाग व्यवहाराचा आहे. दोनशे मैलांच्या माळावर तिकीट खिडकी कुठे ठेवणार? वसुलीचा खर्च उत्पन्नाहून मोठा होईल. पण खरे उत्तर वेगळे आहे. या वाटांचा मोठा भाग मुळात छंदासाठी नव्हता. तो शेतमजूर, फेरीवाले, खेचरांचे तांडे, चर्चला जाणाऱ्या बायका यांनी पायांनी तयार केला. कुंपणांच्या काळात समाईक जमीन गेली तेव्हा लोकांकडे जे थोडे उरले, ते म्हणजे या वाटा. आज त्यांचा वापर रविवारी होतो म्हणून त्या खाजगी छंद ठरत नाहीत, जसा सुट्टीत गावी जायला वापरला म्हणून हमरस्ता खाजगी ठरत नाही. शिवाय शेतकऱ्याच्या बाजूनेही कायद्याने विचार केला. कुंपण ओलांडायच्या पायऱ्या दुरुस्त करणे मालकाचे काम, पण त्यातला किमान चौथा हिस्सा कौन्सिलने द्यायचा, ही तरतूद 1968 पासून आहे. रक्कम फार नाही. तक्रार पूर्ण मिटली असेही नाही, आणि मेंढपाळाच्या फाटकाची कडी उघडी टाकणाऱ्या शहरी माणसावरचा त्याचा राग मला समजतो. पण तो राग पगारी रक्षक, सूचनाफलक आणि वेळेवर दुरुस्त केलेल्या फाटकांनी कमी होतो. त्या सगळ्याला पैसाच लागतो.

1968 च्या कायद्याने कंट्रीसाइड कमिशन आले, शहरांच्या उंबऱ्यावरच्या ‘कंट्री पार्क’साठी अनुदाने आली आणि मोटारी डोंगरांच्या पायथ्यापर्यंत पोचल्या. त्याबरोबर दुसरा आक्षेप धारदार झाला. सरकार पैसे ओतते, त्यामुळे गर्दी येते, आणि गर्दी ज्यासाठी येते तेच तुडवून टाकते. पेनाइन वेवर हे डोळ्यांनी दिसत होते. ब्लॅक हिलच्या माथ्यावर पीटची काळी, पाणथळ माती बुटांखाली लोण्यासारखी चिरडली गेली. चिखल टाळायला प्रत्येक जण जरा बाजूने चाले, त्यामुळे वाट रुंदावत रुंदावत काळे मैदान झाले. औद्योगिक धुराने डोंगरावरचे शेवाळ आधीच मारले होते, त्यामुळे दोष एकट्या बुटांचा नव्हता, पण बुटांचाही होता. लाकडांचे तराफे, जाळ्या, खडी असे उपाय वाहून गेले. शेवटी 1990 च्या दशकात जो उपाय टिकला तो जुनाच होता. शतकांपूर्वी याच माळांवर खेचरांसाठी दगडी फरशा टाकत. तशाच फरशा टाकायचे ठरले, आणि त्या आल्या लँकशर आणि यॉर्कशरच्या बंद पडलेल्या, पाडल्या जाणाऱ्या कापड गिरण्यांच्या जमिनींतून. गिरण्यांच्या फरशा हेलिकॉप्टरने उचलून डोंगरावर नेण्यात आल्या. लोक एका रेषेत चालू लागले, दोन्ही बाजूंनी हिरवळ परत येऊ लागली. काही चालणाऱ्यांनी डोंगराचे फुटपाथ केल्याची नाराजी व्यक्त केली. ती नाराजी मी खोटी म्हणणार नाही. पण या आक्षेपाचा निष्कर्ष ‘पैसा देऊ नका’ असा निघत नाही. पैसा बंद केला असता तर माणसे यायची थांबली नसती, फक्त माळ धुपत राहिला असता.

तिसरा आक्षेप पैशाचा हिशेब मागतो: या खर्चातून देशाला मिळते काय? याचे उत्तर 2001 मध्ये अनपेक्षित रीतीने मिळाले. 20 फेब्रुवारीला लाळ्या-खुरकत रोगाची पहिली लागण नक्की झाली. आठवडाभरात कौन्सिलांना सरसकट पायवाटा बंद करण्याचे अधिकार दिले गेले, आणि रोगाचा मागमूस नसलेल्या भागांतही दोर आणि फलक लागले. साठ लाखांहून अधिक जनावरे मारली गेली. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नंतर सरकारचा खर्च तीन अब्ज पौंडांहून अधिक आणि खाजगी क्षेत्राचे नुकसान पाच अब्जांहून अधिक सांगितले. शेती आणि अन्नव्यवसायाचे नुकसान जेवढे, साधारण तेवढेच पर्यटनाचे झाले. फरक असा की शेतकऱ्याला मारलेल्या जनावरांची भरपाई मिळाली आणि खेड्यातल्या खानावळवाल्याला, चहाच्या दुकानवाल्याला, खोल्या भाड्याने देणाऱ्या विधवेला जवळपास काहीच मिळाले नाही. डोंगराळ खेड्यांची चूल किती प्रमाणात पायवाटेवर पेटते, हे अर्थखात्याला वाटा बंद झाल्यावर कळले. वेल्सने त्यातून धडा घेतला म्हणावे लागेल. त्यांच्या सरकारने युरोपीय निधीची जोड घेऊन सगळ्या किनाऱ्याभोवती 870 मैलांची वाट मे 2012 मध्ये खुली केली. मला मात्र या मिळकतीच्या युक्तिवादाबद्दल थोडी धास्ती आहे. तो एकमेव आधार मानला तर जिथे खानावळ नाही, पर्यटक नाही, फक्त एका पाड्यातून दुसऱ्या पाड्याला जाणारी वाट आहे, ती हिशेबात नापास होईल. 47 व्या कलमाने ही चूक केली नव्हती. त्याने वाटेला तिची कमाई विचारली नाही.

चौथा आक्षेप चळवळीतूनच येतो आणि तो सर्वांत वजनदार आहे. वाटा, फरशा, अनुदाने ही मलमपट्टी आहे, खरी गोष्ट मोकळ्या भूमीवर कुठेही चालण्याचा हक्क, असे या लोकांचे म्हणणे. 2000 च्या कायद्याने इंग्लंडच्या सुमारे आठ टक्के भूमीवर, म्हणजे डोंगर, माळ, झुडुपरान आणि समाईक जमिनींवर, तो हक्क आला. स्कॉटलंडने 2003 मध्ये त्याहून पुष्कळ पुढे जाऊन जवळजवळ सगळी जमीन आणि पाणी जबाबदारीने वावरण्यासाठी खुले केले. हा हक्क मला हवा आहे. पण इंग्लंडमध्ये तो अमलात आणायला पाच वर्षे नकाशे, हरकती आणि सुनावण्या चालल्या, आणि खर्च अंदाजापेक्षा बराच वाढला. खुल्या झालेल्या काही तुकड्यांपर्यंत पोचायला वाटच नाही, त्यामुळे हक्क बेटासारखा शेतांच्या मधोमध पडून आहे. स्कॉटलंडच्या कायद्याने तर सर्वत्र फिरण्याचा हक्क देताना त्याच दमात प्रत्येक स्थानिक संस्थेला मुख्य वाटांचा आराखडा करायला लावला. म्हातारा माणूस, चाकाची खुर्ची, लहान मुलांची गाडी यांना कुठेही जाण्याच्या हक्काचा उपयोग नसतो. त्यांना फाटक उघडणारी, चिखल नसलेली वाट लागते.

2010 नंतरच्या काटकसरीत कौन्सिलांनी सर्वांत आधी जिथे हात घातला त्यांत वाटांची खाती होती. पायवाटांचे अधिकारी कमी झाले, राष्ट्रीय उद्यानांचे अनुदान घटले, आणि शेतकऱ्याला स्वेच्छेने वाट उघडी ठेवल्याबद्दल पर्यावरण योजनेतून मिळणारे पैसेही नव्या करारांपुरते थांबले. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर 2020 च्या शेती कायद्याने सार्वजनिक हितासाठीच सार्वजनिक पैसा असे तत्त्व धरले आणि लोकांच्या प्रवेशाचाही त्यात समावेश केला, पण शेतकऱ्याच्या हाती त्या नावाने पडणारी रक्कम तुटपुंजी राहिली. याच काळात नकाशाचा जुना प्रश्न वर आला. 2000 च्या कायद्याने ठरवले होते की 2026 पर्यंत ज्या ऐतिहासिक वाटा अधिकृत नकाशावर येणार नाहीत त्यांचा हक्क संपेल. त्या शोधण्यासाठी हाती घेतलेला सरकारी प्रकल्प 2008 मध्येच गुंडाळला गेला. मग पदभ्रमण संघाच्या स्वयंसेवकांनी जुने नकाशे ताडून पाहिले आणि 2020 मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये नोंदीबाहेर राहिलेल्या संभाव्य वाटा सुमारे 49,000 मैलांच्या असल्याचे सांगितले. इथे स्वयंसेवकांच्या भरवशावर सोडा म्हणणाऱ्यांना थोडे समाधान वाटेल, आणि ते काही अंशी योग्यही आहे. घरी बसून नकाशे ताडण्याचे काम हौसेने होते. पण सापडलेल्या वाटेचा अर्ज कौन्सिलच्या टेबलावर जातो, तिथे तो तपासायला पुराभिलेख वाचू शकणारा कर्मचारी लागतो, हरकत आली तर सुनावणी, सुनावणीला वकील. अनेक कौन्सिलांत असे अर्ज वर्षानुवर्षे पडून आहेत. इंग्लंडमध्ये मुदत आधी 2031 पर्यंत ढकलली गेली, आणि डिसेंबर 2024 मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने ती रद्दच करण्याचे जाहीर केले. घोषणेने वाटांचा गळा सुटला. अर्ज तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगाराची सोय मात्र तिच्याबरोबर आली नाही.